डाग उजवीकडे, फिट डावीकडून: अपस्मार शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्यांचं एक प्रकरण

रुग्णाची आणि कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून वय, गाव आणि कामधंद्याचे तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

रुग्ण बावीस वर्षांचा तरुण. पंढरपूरकडच्या एका खेड्यातला, उजव्या हाताने काम करणारा, आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा कोर्स केलेला. कोर्स पुरा झाला, काम मात्र मिळेना. ज्याला फिट येते त्याला खांबावर कोण चढवणार? लायसन्सच्या फॉर्ममध्येही अपस्मार आहे का, असा सरळ प्रश्न असतो, त्यामुळे गाडी चालवण्याचाही विषय संपला. घरी थोडी शेती, आई-वडील, आजी आणि लग्न होऊन पुण्यात आलेली बहीण.

पहिली फिट नवव्या वर्षी आली, झोपेत. तालुक्याच्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन करून घेतला. मेंदूच्या उजव्या पॅरायटल (डोक्याच्या वरच्या-मागच्या) भागात जेमतेम सेंटिमीटरभराची गाठ आणि तिच्याभोवती सूज दिसली. आपल्याकडे हे चित्र फार ओळखीचं आहे. टीनिया सोलियम नावाच्या टेपवर्मची (आतड्यात राहणाऱ्या जंताची) अंडी पोटात गेली की त्यातून निघालेली अळी रक्तावाटे मेंदूत पोचते, काही काळाने तिथेच मरते आणि तिच्याभोवती ग्रॅन्युलोमा, म्हणजे सुजेच्या पेशींची छोटी गाठ, तयार होतो. एके काळी अशा कितीतरी गाठींना टीबीची गाठ समजून टीबीची औषधं चालू व्हायची. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या डॉक्टरांनी या छोट्या गाठींचा नीट छडा लावला, तेव्हा उपचारांना शिस्त आली.

घर माळकरी. ‘डुकराच्या मांसातला जंत’ हे शब्द कानावर पडताच आजी उठून बाहेर गेल्या, असं बहिणीने सांगितलं. हा गैरसमज अजून सगळीकडे आहे, म्हणून इथे सांगून टाकतो. डुकराचं कच्चं राहिलेलं मांस खाल्ल्याने आतड्यात टेपवर्म होतो. मेंदूतली गाठ होते ती त्याच्या अंड्यांमुळे, आणि अंडी येतात माणसाच्या विष्ठेतून. न धुतलेली भाजी, दूषित पाणी, अस्वच्छ हात एवढं त्याला पुरतं. शुद्ध शाकाहारी घरातही ही गाठ होते, नेहमी होते.

जंतावरचं अल्बेंडाझोल, सुजेवरचं स्टेरॉइड आणि फिटची गोळी सुरू झाली. पुढच्या स्कॅनमध्ये गाठ आटून कॅल्शियमचा पांढरा ठिपका उरला होता. फिट मात्र थांबल्या नाहीत.

पुढच्या तेरा वर्षांत कार्बामाझेपिन, व्हॅल्प्रोएट, लेव्हेटिरासिटाम, क्लोबाझाम, लॅकोसामाइड असं सगळं झालं. लेव्हेटिरासिटामने चिडचिड इतकी वाढली की त्याने घरातला टीव्ही फोडला. आमच्याकडे आला तेव्हा तीन औषधं पूर्ण डोसमध्ये चालू होती आणि जवळपास रोज रात्री दोन-तीन फिट येत होत्या. योग्य निवडलेली, सहन होणारी दोन औषधं पुरेशा डोसमध्ये देऊनही फिट थांबत नसतील तर त्याला औषधांना दाद न देणारा अपस्मार म्हणावं, अशी आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेची २०१० सालची व्याख्या आहे. दोनच का, याचं उत्तर ग्लासगोच्या २००० सालच्या अभ्यासात आहे: पहिल्या औषधाने सुमारे ४७ टक्के रुग्णांच्या फिट थांबल्या, दुसऱ्याने आणखी १३ टक्क्यांच्या, आणि त्यापुढच्या सगळ्या प्रयोगांनी मिळून जेमतेम ४ टक्क्यांच्या. या मुलाची दुसरी गोळी अकराव्या वर्षीच निकामी ठरली होती.

अडचण

सोळाव्या वर्षी एमआरआय झाला होता. रिपोर्टमध्ये दोन वाक्यं: उजव्या पॅरायटल भागात जुना कॅल्सिफाइड (कॅल्शियम साचलेला) ग्रॅन्युलोमा, बाकी मेंदू नॉर्मल. एका सर्जननी तो ग्रॅन्युलोमा काढून टाकू, असं सुचवलं होतं आणि तारीखही जवळ आली होती. सल्ला अगदीच निराधार नव्हता. कॅल्सिफाइड ग्रॅन्युलोमामुळे वर्षानुवर्षं फिट येत राहतात, मधूनमधून त्याच्याभोवती पुन्हा सूजही धरते. पण बहीण अडून बसली की आधी दुसऱ्या कुणाला तरी विचारू. म्हणून ते आमच्याकडे आले.

दुसरी अडचण फिटच्या स्वरूपाची. त्याला येणारी फिट लोकांच्या मनातल्या फिटसारखी नव्हती. फेस नाही, जीभ चावणं नाही. झोपेतून एकदम उठायचा, ओरडायचा, दोन्ही पाय सायकल मारल्यासारखे झाडायचा, पंधरा-वीस सेकंदांत सगळं शांत. वर तो सांगायचा, “मला सगळं ऐकू येत असतं, फक्त बोलता येत नाही.” शुद्ध असताना दोन्ही पाय झाडणारा माणूस पाहिला की डॉक्टरांनाही शंका येते. कुणी मनाचा आजार म्हटलं, दोन वर्षं मानसोपचाराच्या गोळ्या झाल्या. चुलत्यांनी देवऋषी करून पाहिला. कपाळाच्या मागच्या फ्रंटल लोबमधून, विशेषतः त्याच्या आतल्या बाजूने निघणाऱ्या फिट अशाच असतात: रात्रीच्या, थोड्या वेळाच्या, नाटकी वाटणाऱ्या.

पहिल्या भेटीत बहिणीने मोबाईलवरचा व्हिडिओ दाखवला. त्यात सुरुवात नव्हती. आरडाओरडा ऐकून तिने फोन हातात घेईपर्यंत निम्मी फिट संपलेली होती. सुरुवात फक्त आईला माहीत होती, कारण ती शेजारी झोपायची. विचारलं तर म्हणाल्या, “आदी त्येचा उजवा हात वर जातोय बघा, ताठ. तोंड बी तिकडंच फिरतंय. मग वरडतोय आन् पाय झाडतोय.” प्रत्येक वेळी उजवाच का, असं विचारल्यावर त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. “उजवाच. डाव्या अंगाला मी निजते, वर गेलेला हात माझ्या अंगावर येत न्हाई कदी.”

सगळं प्रकरण या वाक्यावर फिरलं. शरीराची उजवी बाजू मेंदूच्या डाव्या अर्ध्यातून चालते. डाग उजवीकडे आणि फिटचं पहिलं लक्षणही उजवीकडे, हे एकमेकांशी जुळत नव्हतं. १८८६ साली लंडनमध्ये सर्जन व्हिक्टर हॉर्सली यांनी अपस्मारासाठी मेंदूवर शस्त्रक्रिया केल्या तेव्हा क्ष-किरणांचा शोधही लागायचा होता. कवटीवरची जुनी जखम आणि कुठला अवयव आधी हलतो याचं मेंदूविकारतज्ज्ञ ह्युलिंग्स जॅक्सन यांनी शिकवलेलं निरीक्षण, एवढ्यावर त्यांनी जागा ठरवली. आज यंत्रं पुष्कळ आहेत, पण ती कुठे रोखायची हे अजून त्याच निरीक्षणावरून ठरतं.

अर्थात आईच्या एका वाक्यावर ग्रॅन्युलोमाला निर्दोष ठरवता येत नव्हतं. पॅरायटल भागातून सुरू झालेली फिट सुरुवातीला काहीच लक्षण न दाखवता पुढे फ्रंटल भागात पसरते आणि तिथलं लक्षण दाखवते, हे चांगलं ठाऊक आहे.

तपासण्या, ज्या क्रमाने झाल्या

पहिली व्हिडिओ ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद आणि सोबत चित्रण. वॉर्डात कॅमेऱ्यासमोर, औषधं हळूहळू कमी करत, डोक्याला तारा लावून. फिट भरपूर नोंदल्या गेल्या आणि आईचं म्हणणं तंतोतंत खरं निघालं: उजवा हात ताठ वर, मान उजवीकडे, मग ओरडणं. ईईजीचा उपयोग मात्र बेताचाच झाला. फिट सुरू होताच डोक्याच्या स्नायूंच्या हालचालीने सगळी नोंद झाकून गेली. दोन फिटच्या मधल्या काळात डोक्याच्या मध्यरेषेवर काही टोकदार लहरी होत्या, पण गाढ नसलेल्या झोपेत तिथे निरोगी माणसालाही तशा लहरी येतात. उजव्या पॅरायटल भागात काहीच नाही. म्हणजे डावी की उजवी, याला ईईजीने उत्तर दिलं नाही. व्हिडिओने दिलं.

मग एमआरआय पुन्हा केला. “एकदा झालाय की, परत खर्च कशाला?” हा वडिलांचा प्रश्न रास्त होता. जुना एमआरआय दीड टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप) यंत्रावर, पाच मिलिमीटर जाडीच्या कापांचा होता, आणि दोन कापांमध्ये थोडी जागा सुटलेली. गाठ, रक्तस्राव, पक्षाघात शोधायला तो पुरतो. जन्मतः चुकीच्या घडणीचा, काही मिलिमीटरचा मेंदूचा तुकडा त्या फटीत सहज हरवतो. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेच्या तज्ज्ञांनी हार्नेस नावाचा प्रोटोकॉल सुचवला. त्यात दोन त्रिमितीय सिक्वेन्स (चित्रांच्या मालिका) सुमारे एक मिलिमीटरच्या घनात घ्यायचे आणि एक बारीक कोरोनल, म्हणजे कानापासून कानापर्यंतच्या उभ्या कापांचा, सिक्वेन्स घ्यायचा. आपण तीन टेस्लावर तसाच केला.

बॉन शहरातल्या डॉक्टरांनी २००२ मध्ये एक तुलना छापली होती, ती मी कुटुंबांना नेहमी सांगतो. साधा एमआरआय आणि अपस्माराचा खास अनुभव नसलेला वाचणारा: मेंदूतला दोष सापडला ३९ टक्के वेळा. तोच एमआरआय अनुभवी माणसाने वाचला: ५० टक्के. अपस्मारासाठी खास काढलेला एमआरआय आणि अनुभवी वाचणारा: ९१ टक्के.

तरी आमचाही पहिला रिपोर्ट ‘ग्रॅन्युलोमा, बाकी नॉर्मल’ असाच आला. कारण मागणीपत्रावर निवासी डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे ‘फिट्सचा रुग्ण, जुना ग्रॅन्युलोमा’ एवढंच लिहिलं होतं. आठवड्याच्या बैठकीत व्हिडिओ लावला, उजवा हात वर जाताना सगळ्यांनी पाहिला, आणि रेडिओलॉजिस्ट मॅडमनी न बोलता डाव्या फ्रंटल लोबचे काप एकेक करून पुढे सरकवायला सुरुवात केली. वरच्या फ्रंटल खाचेच्या तळाशी त्या थांबल्या. तिथे करड्या भागाची जाडी किंचित जास्त, करडा आणि पांढरा भाग यांमधली सीमा पुसट, आणि फ्लेअर सिक्वेन्समध्ये खाचेच्या तळापासून आत व्हेंट्रिकलकडे (मेंदूतल्या द्रवाच्या पोकळीकडे) निमुळती होत गेलेली एक फिकट रेघ. फोकल कॉर्टिकल डिस्प्लेझियाची, त्यातल्या दुसऱ्या प्रकाराची, ही खूण. गर्भात मेंदू घडताना त्या जागच्या पेशींची रचना चुकलेली असते. काप तेच, यंत्र तेच, मॅडमही त्याच. फक्त आता कुठे पाहायचं हे माहीत होतं.

संगणकाकडूनही ते काप तपासून घेतले. सॉफ्टवेअरने तीन ठिकाणी खुणा केल्या. त्यातली एक याच खाचेवर, दुसरी ग्रॅन्युलोमाशेजारी, तिसरी साफ चुकीची. दुसरी नजर म्हणून ही साधनं चांगली आहेत, निकाल देण्यासाठी नाहीत.

पेट स्कॅनमध्ये मेंदू साखर कुठे कमी वापरतोय हे दिसतं. फिट नसताना दोषी भाग बहुतेक वेळा आळशी असतो. यासाठी लागणाऱ्या एफडीजी या साखरेसारख्या द्रव्यातल्या किरणोत्सारी फ्लोरिनचं अर्धायुष्य ११० मिनिटं, त्यामुळे स्कॅनचं यंत्र तो फ्लोरिन बनवणाऱ्या सायक्लोट्रॉनपासून फार लांब असून चालत नाही. लहान शहरांना पेट स्कॅन सहज मिळत नाही त्याचं हेही एक कारण. इंजेक्शननंतर अंधाऱ्या खोलीत पडून राहण्याच्या वेळात ईईजी चालू ठेवला होता. त्या वेळात छोटी फिट येऊन गेली तर आळशी भागच उलट जास्त साखर खाऊन चमकतो आणि वाचणारा फसतो.

चित्रात डाव्या वरच्या फ्रंटल भागात साखर कमी होती. एमआरआयवर बसवून पाहिल्यावर ती जागा त्याच खाचेभोवती आली. पण उजवीकडे ग्रॅन्युलोमाच्या जागीही साखर कमीच होती, उलट अधिक ठळकपणे. तिथे जिवंत पेशीच नाहीत, कॅल्शियम साखर काय खाणार? पेटमधली काळी जागा म्हणजे फिटची जागा, असं समीकरण मांडणाऱ्याने हे चित्र जरूर पाहावं.

स्पेक्टवर मात्र आमचा बराच वेळ गेला. यात फिट सुरू होताच शिरेतून टेक्नेशियमयुक्त औषध सोडतात. ते रक्ताबरोबर मेंदूत जाऊन, त्या क्षणी जिथे रक्तप्रवाह वाढलेला असेल तिथे जास्त साचतं आणि तिथेच अडकून राहतं. फोटो नंतर काही तासांत काढला तरी चालतो. अडचण अशी की याच्या फिट रात्रीच्या आणि न्यूक्लिअर मेडिसिन विभाग दिवसाचा. म्हणून त्याला रात्रभर जागवलं. नर्स आणि बहीण आळीपाळीने त्याच्याशी पत्ते खेळत बसल्या. दिवसा झोपवून सिस्टर भरलेली सिरिंज घेऊन पलंगाशेजारी बसल्या. फिट आली, नवव्या सेकंदाला औषध आत गेलं. त्याहून चपळाई शक्य नाही. पण हातातून मेंदूपर्यंत पोचायला अर्धा मिनिट जातो आणि याची फिट विसाव्या सेकंदाला संपते. एसटी सुटून गेल्यावर स्टँडचा फोटो काढावा, तशी गत झाली. चित्रात दोन्ही फ्रंटल लोबच्या आतल्या बाजू उजळलेल्या, डावी थोडी जास्त. विरोधात काही नाही, बाजूने ठामपणे काही नाही.

शेवटी फंक्शनल एमआरआय (कुठलं काम मेंदूत कुठे चालतं ते दाखवणारा) आणि ट्रॅक्टोग्राफी (मेंदूतल्या तंतूंचा नकाशा). भाषा डावीकडे. उजव्या हाताच्या हालचालीचं केंद्र खाचेच्या मागे, पण फार लांब नाही. हालचालीच्या तंतूंचा जुडगा पुरेसा बाजूला. खाच ज्या भागात होती त्याला सप्लिमेंटरी मोटर एरिया म्हणतात. हालचाल आणि बोलणं सुरू करण्यात त्याचा वाटा असतो.

पर्याय

बैठकीत पाच पर्याय मांडले गेले, पण खरी चर्चा दोघांवरच झाली.

आणखी एखादं औषध देऊन पाहायचं, यात नवीन काही नव्हतं. मानेतल्या व्हेगस नर्व्हला विजेचे हलके झटके देणाऱ्या व्हेगस नर्व्ह स्टिम्युलेटरने फिट कमी होतात, पूर्ण थांबतात क्वचित; जिथे काढण्याजोगी जागा सापडत नाही तिथे तो शोभतो. ग्रॅन्युलोमा काढण्याच्या बाजूने शेवटपर्यंत एक मत होतं: धोका कमी, जागा मेंदूच्या पृष्ठभागाजवळ, काढून तर पाहू. मला हा युक्तिवाद पटत नाही. शस्त्रक्रिया निष्फळ ठरली की कुटुंबाचा पैसा, धीर आणि डॉक्टरांवरचा विश्वास एकदमच संपतो, आणि दुसऱ्यांदा कुणी टेबलवर येत नाही.

उरले दोन. डाव्या खाचेवर थेट शस्त्रक्रिया, किंवा आधी मेंदूत सुईसारखे इलेक्ट्रोड घालून खात्री आणि मग शस्त्रक्रिया. थेट जाण्याच्या बाजूने पुष्कळ होतं. लक्षणं, एमआरआय आणि पेट एकाच जागेकडे बोट दाखवत होते, आणि दोष ठळक असता तर बहुतेक केंद्रांनी थेटच केलं असतं. विरोधात तीन गोष्टी: एमआरआयवरची खूण पुसट होती, ईईजीने साथ दिली नव्हती, आणि दुसऱ्या बाजूला एक खराखुरा डाग बसलेला होता. शिवाय जागा अशी की तिथे सेंटिमीटरभर जास्त काढलं तर हाताला महाग पडेल.

इलेक्ट्रोड घालण्याची ही पद्धत, एसईईजी, पॅरिसच्या सेंट-अॅन रुग्णालयात तालेराख आणि बांको यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात रुजवली. रक्तस्रावाचा धोका शंभर रुग्णांत सुमारे एकाला. खर्च मोठा. वडिलांना आकडा सांगितला तेव्हा त्यांनी एकच विचारलं, “ह्यानं फिट थांबत्यात का?” नाही, याने फक्त जागा कळते, असं सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प बसले. शस्त्रक्रियेची गोष्ट करताना आकडे सांगावे लागतात. दिल्लीच्या एम्समध्ये मुलांवर झालेल्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले, शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७७ टक्के मुलं वर्षभराने फिटमुक्त होती. फक्त औषधांवर असलेल्यांपैकी ७ टक्के. कॅनडात टेम्पोरल लोबसाठी २००१ मध्ये आलेल्या चाचणीत हेच प्रमाण ५८ आणि ८ टक्के होतं. पण त्यातला कुठलाही आकडा पुसट खूण आणि दोन डाग असलेल्या फ्रंटल रुग्णाचा नव्हता, हेही सांगितलं. कुटुंबाने आठवडाभर वेळ घेतला आणि एसईईजीला होकार दिला.

काय केलं

नऊ इलेक्ट्रोड ठरले: सात डाव्या फ्रंटल भागात आणि दोन उजवीकडे ग्रॅन्युलोमाभोवती. या दोघांवर वाद झाला. आपल्याला उजवीकडे संशयच नाही, मग तिथे छिद्रं कशाला, असा सर्जनचा मुद्दा. त्यावर असं ठरलं की ज्याच्यामुळे तेरा वर्षं वाट चुकली त्याचं म्हणणं नोंदवल्याशिवाय प्रकरण मिटवायचं नाही.

निकाल स्वच्छ आला. खाचेच्या तळाशी असलेल्या दोन संपर्कबिंदूंवर फिट नसतानाही टोकदार लहरींची सतत ठेक्यात चाललेली रांग होती. दुसऱ्या प्रकारच्या डिस्प्लेझियाची ही ओळख आहे. प्रत्येक फिट तिथेच सुरू होत होती, आणि हात उचलला जाण्याच्या दोन-तीन सेकंद आधी. त्या बिंदूंना हलका विद्युतप्रवाह दिला तर नेहमीची फिट आली. रुग्ण स्वतःच म्हणाला, “हीच ती.” ग्रॅन्युलोमाजवळचे दोन्ही इलेक्ट्रोड सगळ्या फिटमध्ये शांत.

काही आठवड्यांनी शस्त्रक्रिया झाली. एमआरआय, पेट आणि इलेक्ट्रोडच्या जागा एकत्र करून नेव्हिगेशन यंत्रात भरल्या होत्या, कारण उघड्या मेंदूवर ही खाच शेजारच्या खाचेपेक्षा काहीच वेगळी दिसत नव्हती. हाताच्या तंतूंवर शस्त्रक्रियेभर देखरेख होती. काढलेला तुकडा दोन सेंटिमीटरच्या आतला.

निष्पत्ती

दुसऱ्या दिवशी तो बोलत नव्हता आणि उजवा हात उचलत नव्हता. सप्लिमेंटरी मोटर एरियावरच्या शस्त्रक्रियेनंतर हे अपेक्षित असतं आणि बहुतेक वेळा आठवड्यांत भरून येतं. बहिणीला आणि आईला हे आधी दोनदा सांगितलेलं होतं. पण समुपदेशनाच्या दिवशी वडील कांद्याच्या पट्टीसाठी बाजार समितीत होते. त्यांनी मुलाला पाहिलं आणि वॉर्डात जो गोंधळ झाला तो झाला. “वाचा गेली पोराची” हे वाक्य संध्याकाळपर्यंत गावी पोचलं होतं. पाचव्या दिवशी तो एकेक शब्द बोलू लागला. हाताची ताकद सहा आठवड्यांत परतली. शर्टाची बटणं लावायला मात्र तीन महिने लागले.

पॅथॉलॉजीत दुसऱ्या प्रकारची, फुगीर बलून पेशी असलेली डिस्प्लेझिया निघाली.

फिट शस्त्रक्रियेच्या रात्रीपासून थांबल्या. चौथ्या महिन्यात ताप आणि उलट्यांमुळे दोन दिवस गोळ्या पोटात टिकल्या नाहीत तेव्हा एक फिट आली, जुन्यासारखीच पण अर्ध्या वेळाची. त्यानंतर दोन वर्षांत नाही. तीन औषधांची दोन झाली, दुसरं कमी करणं चालू आहे. ग्रॅन्युलोमा जिथल्या तिथे आहे. तो आता मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात काम करतो, बसून करायचं काम. खांबावर चढायचं नाही, हे त्याने मान्य केलं आहे; लायसन्सचा आग्रह मात्र दर भेटीत असतो आणि दर भेटीत नाही म्हणावं लागतं.

वेगळं काय करता आलं असतं

स्पेक्ट टाळता आली असती. वीस सेकंदांत आटोपणाऱ्या फिटमध्ये ती उपयोगी ठरण्याची शक्यता कमी, हे व्हिडिओ पाहिला त्याच दिवशी माहीत होतं. तरी ‘सगळ्या तपासण्या झालेल्या बऱ्या’ या वृत्तीने ती यादीत आली. तो पैसा आणि त्या जागरणाच्या रात्री वाचल्या असत्या.

एसईईजीच्या शेवटी त्याच इलेक्ट्रोडमधून उष्णता देऊन तो भाग जाळण्याची सोय आहे. खाचेच्या तळाशी असलेल्या लहान दोषासाठी तिचा विचार व्हायला हवा होता. कवटी उघडणं कदाचित टळलं असतं. संमतीपत्र घेताना तो मुद्दा निघाला नव्हता, आणि इलेक्ट्रोड आत असताना घाईने नवी संमती मागणं योग्य नव्हतं. आता तो पर्याय सुरुवातीलाच समजावून सांगितला जातो. समुपदेशनाला घरातला निर्णय घेणारा माणूस हजर नसेल तर तारीख पुढे ढकलायची, हेही ठरलं आहे.

उजवीकडच्या दोन इलेक्ट्रोडबद्दल मतं अजून वेगळी आहेत. सर्जन म्हणतात, विनाकारण धोका घेतला. माझं मत उलट आहे. चौथ्या महिन्यात फिट आली तेव्हा नातेवाइकांचा पहिला प्रश्न होता, “तो उजवा डाग राहिला म्हणून का?” त्या दोन इलेक्ट्रोडची नोंद हातात होती, म्हणून ठामपणे नाही म्हणता आलं.

सगळ्यात मोठा बदल सगळ्यात स्वस्त होता. बहिणीने जुन्या एमआरआयची सीडी जपून ठेवली होती. शस्त्रक्रियेनंतर मॅडमनी ती पुन्हा उघडली. सोळाव्या वर्षीच्या त्या जाड कापांपैकी एकावर, फक्त एकावर, खाचेच्या तळाशी किंचित फिकटपणा आहे. त्या वेळच्या मागणीपत्रावर ‘फिट्स’ एवढा एकच शब्द होता, आणि एवढ्यावर कुणीही तो कापाचा दोष समजून सोडून दिला असता. आता आमच्याकडे अपस्मारासाठी एमआरआय मागवताना फॉर्मवर तीन रकाने भरल्याशिवाय तारीख मिळत नाही: फिटमध्ये सगळ्यात आधी काय होतं, शरीराच्या कुठल्या बाजूला, आणि हे कुणी डोळ्यांनी पाहिलंय. शेजारी झोपणाऱ्या माणसाचा फोन नंबरही तिथेच लिहायचा. रेडिओलॉजी विभागातून त्या नंबरवर अधूनमधून फोन जातात.